मरायची तालीम

आमचा महेंद्र हल्ली जेवताना डाव्या हाताने मिशीला पीळ देतो. मिशी त्याला नाही. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कंपनीत जातो आणि घरी आला की ताटावर बसून रिकाम्या ओठावर बोटं फिरवतो. भाकरी यायला उशीर झाला तर ओरडत नाही. पूर्वी ओरडायचा, ते मला चालायचं. ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. आता मान जरा तिरकी करतो, डोळे बारीक करतो आणि सावकाश म्हणतो, "वाढा, बाई." बायकोला. लग्न झाल्यापासून जिला 'ए मालिनी' म्हणून हाक मारली, तिला बाई.

मी म्हटलं, "बाई कुठली रे? ती कामाला ठेवलेय का?"

माझ्याकडे न बघता म्हणाला, "मातोश्री, आपण यात पडू नये."

मातोश्री. आमच्या मोरिवली गावात मला सगळे माई म्हणतात, भाजीवाला मावशी म्हणतो, नवरा होता तेव्हा तो अगं म्हणायचा. मातोश्री फक्त पुढाऱ्यांच्या आयांना म्हणतात, ते पण बोर्डावर. मी ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. तो उपाशी उठला. उठताना खांद्यावरचा शेला सावरावा तसा हात केला. अंगात बनियन होतं.

तो सुभेदार आहे, म्हणजे नाटकात. कामगारांची नाटकांची स्पर्धा असते, त्यात एमआयडीसीतल्या कंपन्यांची मंडळं उतरतात. महेंद्रच्या मंडळाचं नाटक हरिचंद्र भाऊ बसवतात. ते आमच्याच आळीत राहतात, फिटर म्हणून रिटायर झाले, पण नाटक सोडलं नाही. यंदाचं नाटक असं की मोहिमेवरून एक सुभेदार घरी येतो, त्याला बायकोचा संशय यायला लागतो आणि शेवटी तो स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून त्याने तिचा गळा आवळतो. बायको बिचारी कशात नसते. लोकांना ते शेवटी कळतं, सुभेदाराला पण कळतं, मग तो रडतो आणि पडदा पडतो. मी भाऊंना विचारलं होतं, "आधीच कळलं तर नाटक कमी पडेल का तुमचं?" ते हसले.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. कंपनीत बायका कमी, ज्या आहेत त्यांना घरचे स्टेजवर पाठवत नाहीत. म्हणून हिरॉइन बाहेरून आणतात, डोंबिवलीहून नाहीतर कल्याणहून. ती नटी शेवटच्या दोन-चार तालमींनाच येते, कारण ती प्रत्येक तालमीचे पैसे घेते. तोवर तिच्या जागी कोणीतरी उभं राहायचं आणि तिची वाक्यं वाचायची. मंडळात पॅकिंगमधला एक हडकुळा पोरगा उभा राहायचा. महेंद्र म्हणाला, "त्याच्या गळ्यात फेटा टाकताना मला हसू येतं. शेवटचा सीन मी घरी मालिनीबरोबर करतो."

म्हणून आमच्या पुढच्या खोलीत तालीम सुरू झाली. त्या खोलीत आमचा जीन्सचा माल असतो. कॅम्प तीन या सिंधी वस्तीतल्या एका कारखान्यातून शिवलेल्या पॅन्ट येतात, आम्ही त्यांचे लोंबणारे धागे कापतो आणि गठ्ठे बांधून परत देतो. आणणं-पोचवणं मालिनी करायची, शेअर रिक्षाने. पहिली पाळी सुटली की महेंद्र यायचा, चहा प्यायचा, गठ्ठे पायाने भिंतीकडे सारायचा आणि म्हणायचा, "चल गं, मर."

सुरुवातीला मालिनी हसायची. फेटा म्हणजे माझी जुनी नऊवारीच होती. गळ्याभोवती आली की तिला गुदगुल्या व्हायच्या. तो म्हणायचा, "मेलेली माणसं हसत नाहीत." ती म्हणायची, "मग मारा की नीट." शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. मी कोपऱ्यात कात्री घेऊन बसलेली असायची आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. आमच्या घराण्यात कोणी चार माणसांत बोललं नाही. माझा पोरगा बोलत होता आणि चार माणसं ऐकत होती.

हळूहळू मालिनी मरायला शिकली. आधी पाय झाडायचे, मग हात सैल, मग मान एका बाजूला. पुढे पुढे ती पाय झाडेनाशी झाली. फेटा गळ्याशी आला की लगेच सैल व्हायची आणि जमिनीवर पडून राहायची, डोळे उघडे. तो रडायची वाक्यं म्हणायचा, संपवायचा, उठून पाणी प्यायचा, आणि ही तशीच. मी म्हणायची, "ऊठ गं, झालं." मग उठायची आणि धागे कापायला बसायची.

स्पर्धेत पहिला नंबर आला. अभिनयाचं पदक महेंद्रला. आळीच्या तोंडाशी बोर्ड लागला, त्यावर मिशी लावलेला महेंद्र, फेटा बांधलेला. मी मागच्या रांगेत बसले होते, लांबून नीट दिसलं नाही, पण बायका रडत होत्या म्हणून मी पण रडले. वाटलं, संपलं. आता खोली मोकळी होईल.

संपलं नाही. नाटकाला इकडून तिकडून बोलावणी यायला लागली, आणि सुभेदार आमच्याकडेच राहिला.

मालिनी कॅम्प तीनला जाऊन आली की तो दारात उभा असायचा. नाक वर करून म्हणायचा, "या घरात परक्या पावलांचा वास येतो." हे नाटकातलं वाक्य आहे, टाळ्यांचं. शेजारची नवसी ऐकून म्हणाली, "काय बोलतात हो महेंद्रभाऊ, अंगावर काटा आला." कारखान्याच्या सिंधी सेठचा फोन यायचा, "दीदी, माल अर्जंट है साईं, कल तक भेजो." साठीच्या पुढचा माणूस, सगळ्या बायकांना दीदी म्हणतो, स्वतःच्या सुनेलाही म्हणत असेल. महेंद्रने फोन तिच्या हातातून घेतला, शांतपणे ऐकला, शांतपणे बंद केला आणि खिशात ठेवला.

"फोन द्या ना," मालिनी म्हणाली.

"अर्जंट काय असतं, बाई?"

"माल."

"कोणता माल?"

 ती बोलतच नव्हती तेव्हा. मी विचारलं भाजी कोणती करू, तर म्हणायची करा कोणतीही. मीठ विसरलं तरी खायची.

मग एक दिवस ती न्हायला बसली होती, मी पाठीवर पाणी ओतत होते. केस पुढे घेतले तर मानेवर निळा पट्टा. जुना पिवळा पडलेला एक, आणि त्याच्यावर नवा.

"हे काय?"

"तालीम."

"स्पर्धा तर झाली."

"बदलापूरला प्रयोग आहे ना."

"त्याला आता नटी आहे. तुझी कशाला तालीम?"

"ते म्हणतात हात बसायला हवा." मग म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका, आई. मला काही होत नाही आता. पडले की बरं वाटतं. मेलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही."

मी पाणी ओतत राहिले. बादली संपली तरी तांब्या बुडवत होते.

त्यांना मूल नाही. त्यावरून मी सुनेला कधी बोलले नाही आणि दुसऱ्या कोणाला माझ्या उंबऱ्यात बोलू दिलं नाही. महेंद्रही कधी बोलला नव्हता. हात तर त्याने कधीच उचलला नव्हता. म्हणून मला दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं, हे अंगात आलंय.

आमच्याकडे अंगात येणं नवीन नाही. माझ्या नणंदेच्या अंगात देवी यायची. आलेल्याशी भांडायचं नसतं. भांडलं की ते चिडतं आणि झाडाला, म्हणजे ज्याच्या अंगात आलंय त्याला, धरून राहतं. त्याला विचारायचं, कोण आहेस आणि काय पाहिजे. जे मागेल ते द्यायचं, पाया पडायचं, मग ते आपणहून जातं. मी हरिचंद्र भाऊंना बोलावलं. ते बसले, महेंद्रकडे बघितलं, आणि मला वाटलं होतं तसे घाबरले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"माई, भूमिका भिनलीय त्याच्यात. भल्याभल्या नटांच्या नशिबात हे नसतं."

"आणि हिच्या मानेचं?"

"थोडं सांभाळून घ्या. प्रयोग संपले की आपोआप उतरेल."

मी मंगळवारी नारळ आणला, दिवा लावला, महेंद्रला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, "कोण आहेस बाबा?"

"सुभेदार."

"काय पाहिजे तुला?"

त्याने मिशी पिळली. "हिने उंबरा ओलांडू नये."

"नाही ओलांडणार," मी म्हटलं. मी हात जोडले होते. मालिनी माझ्या मागे उभी होती, तिनेही जोडले.

दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे मी न्यायला लागले. रिक्षात मांडीवर गठ्ठा, वर पिशवी, शेजारच्या माणसाचं कोपर बरगडीत. सेठ म्हणाला, "दीदी किधर है?" मी म्हटलं, "घर पे है." पण मागितलेलं देऊन सुभेदार गेला नाही. पुढच्या आठवड्यात त्याला मालिनीचा फोन कायमचा पाहिजे झाला. दिला. मग तिने नवसीशी बोलू नये. बोलायची बंद झाली. मग तिने खिडकीच्या बाजूला बसून धागे कापू नयेत. आम्ही गठ्ठे आतल्या खोलीत नेले, तिथे ट्यूबलाइटखाली बसलो. मागणं आलं की मी हात जोडायची आणि तो मान तिरकी करून ते घ्यायचा. माझ्या घरात मी आजवर कोणाला हात जोडले नव्हते, नवऱ्यालाही नाही. पण मला तेव्हा काही वाटत नव्हतं. मालिनीसारखंच झालं होतं माझं. सकाळी उठायचं, कात्री घ्यायची.

एक गोष्ट मात्र मनात अडकून होती. त्याची पाळी बदलली तेव्हा सुपरवायझर घरी आला होता, रजेचं काही बोलायला. मालिनी चहा घेऊन आली. महेंद्र खुर्चीवरून उठून उभा राहिला, "बसा ना सर, बसा," म्हणाला. बायकोला म्हणाला, "मालिनी, साखर कमी टाक गं सरांना." मिशी नाही, बाई नाही, मातोश्री नाही. सुपरवायझर गेला, दार लागलं, आणि सुभेदार परत आला. माझ्या नणंदेच्या अंगात यायचं तेव्हा समोर सासरा असो की सरपंच, तिला कळायचं नाही. एकदा तर हवालदाराच्या थोबाडीत दिली होती तिने. मी हे मनात घोळवत राहिले, पण पोराबद्दल पुढचा विचार करायला मन धजत नव्हतं.

बदलापूरचा प्रयोग रविवारी दुपारी होता. महेंद्रने मालिनीला बरोबर घेतलं, कारण रंग उतरवायला तीच लागते. खोबरेल तेल, कापूस, जुना टॉवेल, सगळं तिच्या पिशवीत. उंबरा तेव्हा चालतो ओलांडलेला. मी म्हटलं, मी पण येते.

हॉल लहान. मी पहिल्या रांगेत बसले, अगदी स्टेजच्या पायाशी. नटी राजसी नावाची मुलगी, चोवीस-पंचवीसची, गोड बोलणारी. शेवटचा प्रवेश आला. महेंद्रने फेटा सोडला. त्याचा चेहरा असा झाला की माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला. शिरा फुगलेल्या, डोळे लाल, आवाज फाटलेला. त्याने फेटा तिच्या गळ्यात टाकला आणि मागून आवळला.

पहिल्या रांगेतून सगळं दिसतं. फेट्याच्या आत, तिच्या गळ्याला लागून, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं होती. आवळत होता तो बोटांवर. फेटा तिच्या मानेला लागतही नव्हता. ती पाय झाडत होती तेव्हा तिच्या नाटकातल्या मंगळसूत्राची वाटी फेट्यात अडकली. एवढं ओरडता ओरडता त्याने ती अंगठ्याने हळूच सोडवली, लोकांना कळलंही नाही, आणि पुढचं वाक्य बरोबर जागेवर म्हटलं. मग तिचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून हाताने धरून खाली ठेवलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत. माझे हात मांडीवर पडले होते, ते मला उचलता येत नव्हते.

पडदा पडल्यावर मी आत गेले. रंगपटात महेंद्र आरशासमोर खुर्चीवर बसला होता, मिशी अजून ओठावर. मालिनी कापसाला तेल लावून त्याच्या कपाळाचा रंग पुसत होती, तिची ओढणी गळ्याला गच्च गुंडाळलेली. हरिचंद्र भाऊ कोणाशी तरी हसत बोलत होते. राजसी दुसऱ्या आरशाशी केसांच्या पिना काढत होती. मी तिच्याकडे गेले.

"पोरी, गळा दुखतो का गं तुझा?"

"नाही हो आजी. महेंद्रदादा फार सांभाळतात. आतून बोटं घालून ठेवतात. पहिल्या तालमीला मला जरासं घासलं होतं, तर सॉरी सॉरी म्हणत बसले. आता प्रत्येक प्रयोगानंतर विचारतात, लागलं नाही ना." ती हसून महेंद्रकडे वळली. "हो ना दादा?"

महेंद्र आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं मी काय विचारलं ते.

मी मालिनीजवळ गेले. हळू आवाजात तिला विचारलं, "दाखवू?"

ती कापूस हातात धरून उभी राहिली. मला वाटलं नाही म्हणेल. तिचा चेहरा तसाच होता, जमिनीवर पडलेली असताना असायचा तसा. मग म्हणाली, "दाखवा."

मी तिची ओढणी सोडली. राजसी हातातल्या पिना घेऊन जवळ आली आणि तिने बघितलं. तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. हरिचंद्र भाऊंचं हसणं थांबलं.

"माई," ते म्हणाले, "हे घरी बघू. घरचं घरी. प्रयोगाच्या भरात होतं कधीकधी, कलावंत माणूस..."

"भाऊ, भर या पोरीच्या बाबतीत का नाही आला? इथे तर दिवे होते, टाळ्या होत्या, सगळं होतं."



महेंद्रने मान तिरकी केली. बोटं मिशीकडे गेली. "मातोश्री," तो सुरू झाला, त्या जाड आवाजात, "आपण यात..."

"बोल," मी म्हटलं. "पुढचं पण बोल. सगळे आहेत."

त्याने दाराकडे बघितलं. दारात मंडळातले दोघे-तिघे उभे होते, बाहेरची माणसंही डोकावत होती. त्याचा हात खाली आला. मान सरळ झाली. आणि माझ्या पोराच्या आवाजात, लहानपणी मार खायच्या आधी यायचा त्या आवाजात तो म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर नको ना."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी मालिनीच्या हातातला कापूस घेतला आणि टेबलावर ठेवला. तिचा हात धरला, तो गार होता, तेलकट होता. मग मी त्याला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नाही.

"तुझ्या अंगात कोणी आलेलं नाही, महेंद्र. आलं असतं तर त्याला माणसं ओळखता आली नसती. परक्याच्या पोरीच्या गळ्याशी तू बोटं घातलीस आणि हिच्या गळ्याशी काढलीस. कुठे थांबायचं ते तुला दोन्हीकडे ठाऊक होतं. घर माझ्या नावावर आहे, त्यात मालिनी राहील, तू राहायचं नाहीस. आत्ता मी हिला घेऊन पोलीस ठाण्यात चाललेय, आणि तिथे मी तुझी आई म्हणून बोलणार नाही. बघणारी म्हणून बोलणार आहे."